‘बावीस सप्तमांश’ या नावाचे काय करायचे?

पत्राचा सारांश : कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात गेली एकोणीस वर्षे लेथवर काम करणारे एक वाचक लिहितात की, आयटीआयनंतर त्यांचे औपचारिक शिक्षण थांबले, परंतु गणिताची आणि आकाशदर्शनाची ओढ कायम राहिली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या दुर्बिणीच्या स्टँडचा वर्म (दातेरी चक्रात गुंतून दुर्बीण हळूहळू फिरवणारा, आटे असलेला दंड) नव्याने कापून दिला आणि त्या ओळखीतून ते दर रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठी जमणाऱ्या कट्ट्यावर जाऊ लागले. कट्ट्यावर दोन प्राध्यापक, एक अभियंता, एक औषधविक्रेते आणि एम.एस्सी. करणारी दोन मुले असतात; कोडी, ग्रह, समीकरणे आणि एकमेकांच्या फिरक्या असा तासभर कार्यक्रम चालतो. तो वर्म कापताना आपण पायची (π) किंमत २२/७ धरली होती, असे एकदा यांनी सांगितले, तेव्हा सगळे मोठ्याने हसले आणि एका प्राध्यापकांनी त्यांना ‘बावीस सप्तमांश’ असे नाव ठेवले. ते नाव आता चिकटले आहे. १४ मार्चला ‘पाय दिवस’ म्हणून सर्वांनी मिळून मिसळ खाल्ली, तेव्हा ‘तुमचा दिवस २२ जुलैला’ असे त्यांना सांगण्यात आले. आजवर त्यांनी हे हसण्यावारी नेले. पण गेल्या महिन्यात आठवीतली मुलगी सोबत होती आणि परतताना तिने विचारले, ‘‘बाबा, तुम्हाला गणित येत नाही का?’’ पत्नीचे म्हणणे आहे की चेष्टा मनावर घेऊ नये. कट्ट्यावर जाणे बंद करावे, गुपचूप अभ्यास करून एक दिवस सर्वांना गप्प करावे, की आपणच फार हळवे झालो आहोत असे समजून हसत राहावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन पर्याय लिहिले आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एक गोष्ट तुम्ही न तपासता मान्य केलेली दिसते. त्या रविवारी तुमचे चुकले आणि हसणाऱ्यांचे बरोबर होते, असे तुम्ही धरून चालला आहात. म्हणून चुकीवरचे हसणे किती दिवस सोसायचे, एवढाच प्रश्न तुमच्यापुढे उरला आहे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, त्यामुळे हसण्याचा विचार करण्याआधी मला गणिताचा विचार करावासा वाटतो. तुमचे चुकले नव्हते, आणि हे मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून म्हणत नाही.

वर्मचा पीच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) म्हणजे मॉड्यूल (दातांचा आकार सांगणारे माप) गुणिले पाय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. जे वाचक लेथसमोर कधी उभे राहिले नाहीत त्यांच्यासाठी मी ते इथे लिहिते आहे. एक मॉड्यूलचा वर्म कापायचा असेल, तर जॉबच्या, म्हणजे कापायच्या वस्तूच्या, प्रत्येक फेऱ्याला टूल ३.१४१५९… मिलिमीटर पुढे सरकले पाहिजे, आणि लेथवर हे सरकणे चेंज गिअरच्या, म्हणजे बदलून लावता येणाऱ्या दातेरी चक्रांच्या, दातांच्या गुणोत्तरावरून ठरते. गिअरला दात पूर्ण संख्येतच असतात. साडेतीन दातांचा गिअर कोणी बनवत नाही. म्हणून गिअर लावून मिळणारे गुणोत्तर नेहमी कुठला तरी अपूर्णांकच असणार, आणि पायची नेमकी किंमत कोणत्याही अपूर्णांकाने मांडता येत नाही, हे योहान लॅम्बर्ट या गणितज्ञाने अठराव्या शतकात सिद्ध केले आहे. याचा अर्थ असा की, तुमच्या कट्ट्यावरचे सर्वांत विद्वान गृहस्थ जरी त्या दिवशी तुमच्या लेथवर उभे राहिले असते, तरी त्यांनाही एक अपूर्णांक निवडून तोच पाय म्हणून चालवावा लागला असता.

मग प्रश्न उरतो तो कोणता अपूर्णांक निवडायचा हा, आणि हा अस्सल गणिती प्रश्न आहे. छेद ७ पासून वाढवत ५६ पर्यंत नेला, तरी २२/७ पेक्षा पायच्या जवळ जाणारा एकही अपूर्णांक सापडत नाही. पहिला सापडतो तो १७९/५७, आणि तो अगदी किंचित जवळ आहे. शिवाय १७९ ही मूळ संख्या असल्यामुळे त्यासाठी १७९ च्या पटीत दात असलेला गिअर शोधावा लागेल. ३५५/११३ हा अपूर्णांक पायच्या फारच जवळ जातो, पण त्याला ७१ आणि ११३ दातांचे गिअर लागतात, आणि ते साध्या वर्कशॉपच्या पेटीत क्वचितच असतात. उलट २२/७ साठी ५५ आणि ३५ असे नेहमीचे गिअर आणि एक दुप्पट एवढ्यावर काम भागते. यात होणारी चूक एका फेऱ्यामागे ०.००१२६ मिलिमीटर आहे. चक्राच्या दातांत एका वेळी वर्मचे तीन-चार आटे गुंतलेले असले, तर तेवढ्या लांबीत ती पाच मायक्रॉनच्या आसपास जाते, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा भागही जेमतेम. हातात असलेल्या साधनांनी कामाला पुरेल इतका अचूक पाय तुम्ही निवडला, आणि तुम्ही त्याचे कारण सांगू शकला असता, जर कोणी विचारले असते तर.

आता तुमच्या दिवसाविषयी. ३.१४ आणि पाय यांतला फरक सुमारे ०.००१५९ आहे; २२/७ आणि पाय यांतला फरक सुमारे ०.००१२६ आहे. म्हणजे १४ मार्चपेक्षा २२ जुलै पायच्या अधिक जवळ आहे. शिवाय १४ मार्चचे ३/१४ होते ते महिना आधी आणि दिवस नंतर लिहिण्याच्या अमेरिकी पद्धतीत. आपण दिवस आधी लिहितो आणि आपल्या पद्धतीत २२/७ ही तारीख कोणतीही ओढाताण न करता २२ जुलैलाच येते. ज्या नावाने तुम्हाला हाक मारली जाते त्या नावाच्या पाठीमागे मोठा इतिहासही आहे. आर्किमिडीजने ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती वापरून पायला दोन मर्यादांमध्ये पकडले, त्यांतली वरची मर्यादा २२/७ हीच होती. आपल्याकडे आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला आणि त्याच ओळीत ‘आसन्न’ हा शब्द लिहिला. आसन्न म्हणजे जवळ आलेला. पाय हाती येत नाही, त्याच्या जवळ जाता येते, हे त्या एका शब्दात त्याने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले आहे, आणि गणितातले जे शब्द मला मनापासून प्रिय आहेत त्यांत हा फार वरचा आहे.

हे सर्व मी लिहिले ते पुढच्या रविवारी तुम्ही मित्रांच्या अंगावर फेकावे म्हणून नव्हे. तुम्ही स्वतःच्या मनात ज्या जागी बसून विचार करत आहात, ती जागा आधी बदलावी म्हणून लिहिले. चूक पकडली गेलेला माणूस आणि ज्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले गेले नाही असा माणूस, या दोघांना पडणारे प्रश्न वेगळे असतात, आणि तुम्ही दुसरे आहात.

आता हसण्याविषयी. गणिताची आणि विज्ञानाची आवड असलेली माणसे एकत्र आली की चेष्टामस्करी होतेच, आणि ती व्हावी असे मला वाटते. भौतिकशास्त्राच्या लोकांत एक जुना विनोद आहे. शेतकऱ्याची गाय दूध कमी देऊ लागते, तो एका भौतिकशास्त्रज्ञाकडे जातो, आणि पुष्कळ दिवस आकडेमोड करून शास्त्रज्ञ सांगतो की उत्तर सापडले आहे, मात्र ते निर्वात पोकळीतल्या गोलाकार गाईलाच लागू पडते. आपल्याकडे तो म्हशीवर बेतावा आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, समोर धार काढली जात असताना, सांगावा. या विनोदात हसणारा स्वतःच्याच पद्धतीला हसत असतो, कारण वास्तव सोपे करून घेतल्याशिवाय त्याचे एक पाऊलही पुढे पडत नाही हे त्याला माहीत असते. शिवाय त्या गोल म्हशीत तथ्यही आहे. तितक्याच आकारमानाच्या कोणत्याही वस्तूपेक्षा गोलाचे पृष्ठफळ कमी असते, त्यामुळे जनावराच्या अंगातून उष्णता कमीत कमी किती बाहेर पडेल याचा ढोबळ अंदाज त्या गोलावरून काढता येतो. तुमच्या मित्रांच्या निम्म्या विनोदांचा पाया असाच ‘आसन्न’ असणार, आणि म्हणूनच २२/७ वर इतके हसणे मला थोडे नवलाचे वाटले.

त्याचे एक कारण मला दिसते आणि ते तुम्हाला सांगणे मी आवश्यक समजते. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांमध्ये ‘पाय बरोबर २२/७’ हे वाक्य तपासलेले असते. ते गणित सोडवण्यापुरते धरायचे आहे, पायची ती खरी किंमत नव्हे, हे सांगून सांगून घसा कोरडा पडतो, आणि पुढच्या वर्षी नवी मुले पुन्हा तेच लिहितात. तुमच्या तोंडून २२/७ ऐकताक्षणी त्या प्राध्यापकांना बहुधा तुम्ही दिसलाच नाहीत, त्यांना तो उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिसला. ‘मी आयटीआयचा म्हणून हे हसतात’ असा अर्थ तुम्ही काढला आहे. तो खरा असू शकतो, पण पत्रात त्याचा पुरावा मला मिळाला नाही. त्यांनी तुम्हाला मिसळीला बोलावले, तुमची जागा राखून ठेवली, आणि कोल्हापुरात टोपणनाव सहसा आपल्याच माणसाला मिळते. परंतु ‘आपले मानतात म्हणून चेष्टा करतात’ एवढ्यावर तुमच्या पत्नींप्रमाणे मी हा विषय मिटवणार नाही, कारण आपल्या माणसांची चेष्टाही चुकू शकते.

ती कुठे चुकते हे ओळखण्यासाठी मला दोन प्रसंग आठवतात. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली आपल्या कोल्हापुरातच झाला, पण त्यांचे बालपण बनारसमध्ये गेले, कारण वडील तेथील विद्यापीठात गणित शिकवत होते. कोल्हापूरच्या हुजूरबाजार घराण्यातले त्यांचे मामा एम.एस्सी.साठी काही काळ त्यांच्या घरी राहायला होते. हे मोरूमामा घरातल्या फळ्यावर लहानग्या जयंतसाठी ‘आव्हान’ म्हणून एखादे कोडे लिहून ठेवत, आणि भाचा ते सोडवेपर्यंत किंवा हार कबूल करेपर्यंत ते तिथेच राहत असे. हीदेखील खोडीच होती, मोठ्याने लहानाची काढलेली. पण तिच्या शेवटी मुलाच्या हातात खडू होता.

दुसरा प्रसंग १९४८ सालचा आहे. राल्फ आल्फर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने विश्वाच्या आरंभी मूलद्रव्ये कशी घडली असतील यावर काम केले. त्याचे मार्गदर्शक जॉर्ज गॅमो हे मोठे शास्त्रज्ञ आणि तितकेच विनोदी गृहस्थ होते. आल्फर आणि गॅमो या नावांच्या मध्ये ‘बेथे’ आले तर आल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरांची ओळ जमेल, या कल्पनेने ते इतके खूश झाले की, त्या कामात कोणताही वाटा नसलेल्या हान्स बेथे यांचे नाव त्यांनी शोधनिबंधावर घातले, आणि तो १ एप्रिलच्या अंकात छापून आला. जगाने ही गंमत आवडीने सांगितली. आल्फरला मात्र ती बोचली, कारण दोन नामवंतांच्या सोबतीत आपले काम झाकले जाईल अशी त्याला भीती होती, आणि ती पुष्कळ अंशी खरी ठरली. गॅमो यांच्या मनात द्वेष नव्हता. विनोदाची किंमत कोण मोजणार आहे, एवढाच विचार त्यांनी केला नाही.

या दोन प्रसंगांतला फरक मला असा दिसतो. थट्टा झाल्यानंतर ज्याची थट्टा झाली त्याच्या हाती काही आले का, की त्याच्या हातातले होते तेच गेले? आपल्या तालमींमध्ये नवख्या पोराला चितपट केल्यावर चांगला वस्ताद त्याला हात देऊन उठवतो आणि कोणता डाव लागला ते पुन्हा सावकाश करून दाखवतो. तुमच्या पत्रात हसणे आहे, नाव ठेवणे आहे, मिसळ आहे, पण ‘‘तुम्ही २२/७ का घेतलेत?’’ हा साधा प्रश्न सात-आठ जिज्ञासू माणसांपैकी एकानेही विचारल्याचा उल्लेख नाही. चूक तिथे झाली आहे. त्या दिवशी तो प्रश्न आला असता, तर गिअरचे दात, अपूर्णांक आणि पाय यांवर कट्ट्याचा तो तास फार सुंदर गेला असता, आणि नंतर कोणी तुम्हाला त्याच नावाने हाक मारली असती तरी ती कानाला गोड लागली असती.

हे मी अधिकाराने लिहिते असे समजू नका, कारण हीच चूक माझ्या हातून वर्गात झालेली आहे. ‘त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?’ या प्रश्नाला एका मुलाने ‘जवळजवळ १८० अंश’ असे उत्तर लिहिले होते. मी ते वर्गात मोठ्याने वाचले, ‘जवळजवळ’ या शब्दावर जोर दिला आणि वर्ग हसला. त्या मुलाने आदल्या दिवशी कोनमापकाने पाच-सहा त्रिकोण मोजले होते, त्याला १७८, १८१, १७९ अशा बेरजा मिळाल्या होत्या, आणि जे दिसले तेच त्याने लिहिले होते, हे मला पुष्कळ दिवसांनी त्याच्या वहीतून समजले. मोजलेली गोष्ट आणि सिद्ध केलेली गोष्ट यांतला फरक शिकवण्याची इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळाली नाही. त्या वर्षी त्याने परत हात वर केला नाही. मी त्याची क्षमा मागितली, पण वर्गासमोर मागितली नाही, आणि ती वर्गासमोरच मागायला हवी होती असे मला आज वाटते.

तुमच्या तीन पर्यायांकडे आता वळते. कट्टा सोडणे हा तुमचा हक्क आहे, पण घाई करू नये असे मला वाटते. ज्या माणसाला एकोणीस वर्षांच्या कामानंतरही रविवारी सकाळी उठून समीकरणे ऐकायला जावेसे वाटते, त्याला अशी दुसरी जागा या गावात सहज मिळेलच असे नाही. गुपचूप अभ्यास करून सर्वांना गप्प करण्याचा पर्याय मला सर्वांत कमी पटतो. अभ्यास जरूर करा. पण कोणाला गप्प करण्यासाठी केलेल्या अभ्यासात माणूस सगळा वेळ समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो आणि विषयाकडे त्याचे लक्ष उरत नाही. शिवाय पदवी नाही म्हणून आपण कमी, हे गृहीत त्यात तसेच राहते. दत्तात्रेय कापरेकर हे देवळालीत शाळामास्तर होते आणि अंकांशी खेळत राहणे हेच त्यांचे संशोधन होते. त्यांच्या काळातल्या पुष्कळ विद्वानांनी त्यांना गंभीरपणे घेतले नाही, आणि आज ६१७४ ही संख्या जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. राहिला हसत राहण्याचा पर्याय. तो तुम्ही दोन वर्षे वापरून पाहिलात आणि तरी मला पत्र लिहावे लागले, यातच त्याचे उत्तर आहे. तुम्ही हळवे झालेला नाहीत. मुलीसमोर आपली प्रतिमा उणी झाली, तर कोणत्याही बापाला ते लागणारच.

माझ्या मते तुम्ही आधी त्या प्राध्यापकांशी एकट्याने बोलावे. सर्वांसमोर विषय काढला तर त्यांना स्वतःचा बचाव करावासा वाटेल आणि बाकीचे पुन्हा हसण्यावारी नेतील. रंकाळ्याला फेरी मारताना दोघे पुढे-मागे झालात की शांतपणे म्हणा, ‘‘सर, मी २२/७ का घेतले हे त्या दिवशी सांगायचे राहून गेले. मला ते कट्ट्यावर सांगायचे आहे, पुढच्या रविवारी दहा मिनिटे द्याल का?’’ एवढेच पुरे. यात तक्रार नाही, आणि सच्चा गणितप्रेमी माणूस असा प्रश्न नाकारू शकत नाही. नावाविषयी बोलायचे असेल तर त्याच वेळी, पण वेगळ्या वाक्यात बोला : ‘‘नावाची मला गंमत वाटत होती, पण मुलीसमोर ते ऐकताना वाईट वाटले.’’ ‘वाईट वाटले’ हे शब्द गिळू नका. त्यांच्याऐवजी ‘तसे काही नाही, पण…’ असे म्हटलेत, तर समोरचा ‘काही नाही’ एवढेच ऐकेल. ‘‘अहो, एवढे काय मनावर घेता?’’ असे उत्तर आले तर वाद घालू नका. ‘‘घेतले खरे, म्हणूनच तुम्हाला सांगितले,’’ असे म्हणून थांबा. चांगल्या माणसाला हे उमजायला एखादा आठवडा लागतो, तेवढा त्यांना द्या.

त्या रविवारी जाताना वर्मचा एखादा तुकडा, शक्य असल्यास ५५ आणि ३५ दातांचे दोन गिअर आणि एक व्हर्निअर (बारीक मापे घेण्याचे उपकरण) सोबत न्या. आकडे पाठ करून नेऊ नका, वस्तू मध्ये ठेवा आणि त्यांनाच विचारा की, तुमच्यापाशी हे एवढेच गिअर असते तर तुम्ही काय केले असते. ज्या एम.एस्सी.च्या मुलांनी ‘कंटिन्यूड फ्रॅक्शन’ची, म्हणजे छेदात पुन्हा पुन्हा अपूर्णांक येत जाणाऱ्या अपूर्णांकांची, रूपे फक्त पुस्तकात पाहिली आहेत त्यांना ती लोखंडात पाहायला मिळतील, आणि ते तुम्हाला त्यांची रीत शिकवतील. ज्यांच्या दुर्बिणीखाली तो वर्म आज फिरतो आहे ते बँकेतले गृहस्थही तिथे असतील. तारा दृष्टिक्षेत्रात टिकतो की नाही याचा अनुभव त्यांनीच सांगावा. १४ मार्च आणि २२ जुलै यांची तुलना अगदी शेवटी सांगा, आणि मनात राग उरला नसेल तरच सांगा, म्हणजे ते हसणे सर्वांचे होईल.

पुढे कट्ट्यासाठी असे विषय सुचवत राहा ज्यांत कोणाचीच पदवी आधी कामाला येत नाही. आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचेच पाहा. मावळतीची किरणे गाभाऱ्यापर्यंत पोहोचण्याचे रूढ दिवस ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी यांचा बरोबर मध्य काढला तर तो २१-२२ डिसेंबरला येतो, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाशी. सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि परतताना मावळतीची तीच जागा दोनदा गाठतो. ती जागा पश्चिमेपासून किती अंश दक्षिणेला आहे, हे प्राध्यापकांनी सूत्राने काढावे, बँकेतल्या गृहस्थांनी होकायंत्राने मोजावे आणि कोनमापनाचे उपकरण तुम्ही लेथवर बनवून आणावे. उत्तर १८ अंशांच्या आसपास यायला हवे. ते थोडे इकडेतिकडे आलेच तर का आले, यावर आणखी एक रविवार जाईल.

हे पत्र वाचणाऱ्यांत काही जण नाव ठेवणाऱ्यांच्या बाजूचे असतील. अभ्यासगटात एकटीच मुलगी असेल, कॉमर्सचा मुलगा विज्ञानाच्या मित्रांत येऊन बसत असेल, गावाकडून आलेला कोणी इंग्रजी संज्ञांचा उच्चार वेगळा करत असेल, तर तुमच्या फिरकीचा भार त्याच्यावर इतरांपेक्षा जास्त पडतो, कारण त्याला उलट फिरकी घेण्याइतके त्या घोळक्यात अजून स्थिरावता आलेले नसते. मनसोक्त हसा, पण लगेच पुढचे वाक्य प्रश्नाचे असू द्या. आणि माणसासोबत त्याचे मूल, विद्यार्थी किंवा कामावरचा सहकारी असेल, त्या दिवशी टोपणनाव घरी ठेवून या.

मुलीचा प्रश्न मात्र कट्ट्यावर सुटणार नाही, तो तुम्हालाच घ्यायचा आहे, आणि तोही तोंडी उत्तर न देता. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिला वर्कशॉपमध्ये न्या आणि तिच्यासमोर ७० मिलिमीटर व्यासाचा एक जॉब टर्न करा. परीघ किती येईल ते तिला २२/७ ने काढू द्या. २२० मिलिमीटर येईल. मग पायच्या खऱ्या किमतीने काढायला सांगा, २१९.९१ येईल. दोहोंत ०.०९ मिलिमीटरचा फरक आहे, आणि तुमच्या व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येते, म्हणजे तो फरक दिसायला हवा असे तिला वाटेल. तिने जॉबभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळावी, दोन्ही पदर एकावर एक येतात तिथे टाचणी टोचावी, पट्टी उलगडावी आणि दोन छिद्रांमधले अंतर मोजावे. तिला उत्तर २२० पेक्षाही थोडे जास्त मिळेल आणि ती गोंधळेल. त्या वेळी कारण सांगून टाकू नका. कोरे १०० कागद एकत्र दाबून व्हर्निअरमध्ये धरायला सांगा आणि एका कागदाची जाडी तिलाच काढू द्या, ती ०.१ मिलिमीटरच्या आसपास निघाली की तिला पायने गुणायला सांगा, आणि तुम्ही शेजारी उभे राहा.